बायोप्सीनंतरची पहिली रात्र

लिव्हरचा तुकडा काढल्यावर माणूस किती दिवसांत बरा होतो, याचं डॉक्टरांकडे तयार उत्तर असतं. काही तास पडून राहायचं, दोन-तीन दिवस जपून वागायचं आणि आठवड्याने नेहमीच्या कामाला लागायचं. उत्तर बरोबरच आहे. रुग्णालयाच्या आसपास राहणाऱ्याला ते पुरतं. पण महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावच्या माणसाला ते अपुरं पडतं. त्याचा तुकडा निघतो मुंबईत, नवी मुंबईत किंवा पुण्यात, आणि घर असतं गोवा महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला. मुंबई ते महाड हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पोलादपूर आणखी पुढे, आणि त्याही पलीकडे कशेडीच्या किंवा आंबेनळीच्या पायथ्याच्या वाड्या. बायोप्सीनंतरच्या काळजीबद्दल जगभर जे लिहिलं गेलं ते तासांच्या हिशेबाने लिहिलेलं आहे. आपल्याकडे तो हिशेब किलोमीटरमध्ये मांडून बघावा लागतो.

या तपासणीचं वय बरंच आहे. जर्मनीत पॉल एर्लिख यांनी १८८३ मध्ये मधुमेहाच्या अभ्यासासाठी लिव्हरमध्ये सुई घालून नमुना काढला होता. पुढची पन्नास-साठ वर्षं ही गोष्ट मोजके धाडसी डॉक्टरच करत. १९३९ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि रोहोल्म यांनी काविळीच्या रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांमध्ये काविळीच्या साथी पसरल्या तेव्हा लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात शीला शेरलॉक यांनी हे तंत्र हाती घेतलं. खरा पालट झाला तो १९५८ मध्ये. इटलीतल्या ज्योर्जो मेंघिनी यांनी अशी सुई आणली की ती लिव्हरच्या आत फार तर एक सेकंद राहते. रुग्णाने श्वास सोडून रोखायचा, तेवढ्यात सुई आत-बाहेर, की काम झालं. सुई आत असताना रुग्णाने श्वास घेतला तर लिव्हर खाली सरकतं आणि फाटण्याचा धोका असतो. तो धोका या एका सेकंदाने पुष्कळ कमी केला. आज बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीवर बघत, स्प्रिंगच्या सुईने तुकडा काढतात. निघतो तो शेवईच्या तुकड्याएवढा, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा धागा. फॉर्मॅलिनच्या बाटलीत तो तळाशी जाऊन बसतो, आणि नातेवाईक बाटली उजेडाकडे धरून विचारतात, एवढ्यासाठीच का इतकं?

एवढ्यासाठीच. आणि नंतरच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून येतात की लिव्हर हा रक्ताने भरलेला अवयव आहे. चामडीवरची जखम दिसायलाही अवघड असते, टाका लागत नाही, छोटी पट्टी पुरते. दुसऱ्या दिवशी ती काढून अंघोळ करता येते. जपायचं असतं ते आतल्या भोकाला, आणि ते कोणाला दिसत नाही. म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायचं ते नाडी आणि रक्तदाबाच्या आडून.

वॉर्डात हे काम सिस्टर करतात. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी, पुढे अर्ध्या तासाने, मग तासाने. पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर आकडे वाढत जातात. पोटात रक्तस्राव सुरू झाला तर रक्तदाब लगेच कोसळत नाही. आधी नाडी धावू लागते, मग घाम येतो, माणूस अस्वस्थ होतो आणि दाब पडतो तो सगळ्यात शेवटी. म्हणून ८० वरून १०५ वर गेलेली नाडी ही बातमी असते, जरी रुग्ण ‘बरं आहे’ म्हणत असला तरी. इथे एक बारीक गोष्ट फार वेळा सुटते. सिरोसिसच्या कित्येक रुग्णांना अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असतं. ही औषधं नाडीला लगाम घालतात. अशा माणसाच्या पोटात रक्त साचत असताना नाडी शांत दिसू शकते. गावात त्याला बघणाऱ्या डॉक्टरला हे माहीत असायला हवं. म्हणून चालू गोळ्यांची यादी डिस्चार्जच्या कागदावर ठळक असावी. त्या यादीवाचून नाडीवर विसंबता येत नाही.

उजव्या कुशीवर झोपायला सांगण्याची रीत जुनी आहे. लिव्हर बरगड्यांवर दाबलं जाईल आणि भोक बंद राहील, हा त्यामागचा तर्क. तर्क पटण्यासारखा आहे, पण कूस आणि पाठ यांची तुलना केलेल्या अभ्यासांत कुशीचा ठळक फायदा दिसला नाही. उलट कुशीवर पडून राहणं लोकांना जास्त त्रासाचं वाटतं. काही वॉर्डांत अजूनही दोन तास उजवी कूस, काही ठिकाणी सरळ पाठ. सिस्टर सांगतील तसं करावं, पण गावी गेल्यावर रात्रभर उजव्या कुशीवर पडून राहायचा हट्ट कोणी धरू नये.

दुखतं का? दुखतं. एका ना एका प्रकारची वेदना बहुतेकांना होते. अमेरिकेतल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली जो मार्गदर्शक लेख काढला, त्यात ८४ टक्क्यांपर्यंत रुग्णांनी काही तरी दुखल्याचं नोंदवलं, असा आकडा आहे. तीव्र वेदना मात्र फार थोड्यांना. लिव्हरला स्वतःला दुखत नाही, त्याच्या भोवतीच्या पातळ आवरणाला दुखतं. आणि ती वेदना कधी कधी उजव्या खांद्यात उमटते, कारण छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूकडून येणाऱ्या मज्जातंतूंचा माग मानेशी जाऊन मिळतो. घरच्यांना हे आधी सांगितलं नाही तर खांद्याला बाम चोळत बसतात किंवा हार्ट अटॅक समजून घाबरतात. सौम्य खांदेदुखी पहिल्या दिवशी अपेक्षित असते. गोळी घेऊनही ती वाढत गेली, पोट कडक झालं, श्वास घेताना कापल्यासारखं दुखलं तर मात्र ती अपेक्षित नाही.

गोळीचा विषय इथेच संपवतो. पॅरासिटामॉल चालतं, सिरोसिस असेल तर साधारणपणे दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन नको, कारण ती रक्ताच्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) काम करू देत नाहीत. अडचण अशी की मेडिकलमध्ये ‘अंग दुखतंय, गोळी द्या’ म्हटलं की हमखास कॉम्बिफ्लाम पुढे येते, आणि तिच्यात पॅरासिटामॉलच्या बरोबर आयबुप्रोफेनही असतं. नुसतं पॅरासिटामॉल मागून घ्यावं लागतं. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी ती बायोप्सीआधी किती दिवस बंद ठेवायची हे डॉक्टर ठरवतात. पुन्हा कधी सुरू करायची, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असतो आणि डिस्चार्जच्या गडबडीत तोच राहून जातो. सर्वसाधारणपणे दोन-तीन दिवसांनी सुरू करतात, पण ज्याच्या हृदयात नुकतीच स्टेंट बसली आहे त्याचा हिशेब वेगळा. तारीख कागदावर लिहून घ्यावी.

आता धोक्याचे आकडे. वरच्याच अमेरिकन लेखात गंभीर रक्तस्राव अडीच हजार ते दहा हजार बायोप्सींमागे एक आणि मृत्यू दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी असं म्हटलं आहे. आकडे धीर देणारे आहेत. त्यांच्याही आधी, १९८६ मध्ये, इटलीतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ६८,२७६ बायोप्सींचा लेखाजोखा मांडला होता. या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात तो येतो आणि इथेही यायलाच हवा. मृत्यू दहा हजारांत एकाहूनही कमी, आणि जे झाले ते पोटात रक्तस्राव होऊन, कर्करोग किंवा सिरोसिस असलेल्यांमध्ये. त्यातली वेळेची नोंद आपल्या कामाची आहे: जे काही बिघडलं त्यातलं ६१ टक्के पहिल्या दोन तासांत आणि ९६ टक्के पहिल्या चोवीस तासांत उघड झालं.

हे दोन आकडे एकत्र वाचावेत. दोन तास वॉर्डात झोपून राहिलेल्या रुग्णाचा मोठा धोका टळला, हे खरं. पण गुंतागुंतींतला साधारण एक तृतीयांश भाग त्या दोन तासांनंतर आणि चोवीस तासांच्या आत समोर येतो. त्या वेळात नाते गावचा माणूस कुठे असेल? सकाळी नऊला सुई, दुपारी तीनला ‘घरी जायला हरकत नाही’, आणि संध्याकाळी तो पेण ते माणगावच्या दरम्यान एखाद्या गाडीच्या मागच्या सीटवर असेल. रात्री दहाला गावात. त्यानंतर पहाटे तीनला पोटात कळ आली तर?

अमेरिकेच्या पचनसंस्थातज्ज्ञांच्या संघटनेने १९८९ मध्ये, रुग्णाला रात्रभर न ठेवता त्याच दिवशी घरी सोडायला परवानगी देताना, अटी घातल्या होत्या. पहिल्या रात्री घरात एक जबाबदार माणूस सोबत हवा आणि काही त्रास झाला तर तीस मिनिटांत रुग्णालयात परत येता यायला हवं. या तीस मिनिटांवर पुढे फारशी चर्चा झाली नाही, कारण तिथल्या बहुतेक शहरी रुग्णांना ती अट सहज पाळता येते. माझ्या मते या अख्ख्या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे. दहा हजारांत एक हा आकडा ज्या रुग्णालयांतून आला, तिथे रक्तपेढी आणि तज्ज्ञ जवळच होते. त्या जवळिकीचा वाटा त्या आकड्यात धरलेला आहे. रुग्ण पावणेदोनशे किलोमीटर लांब नेला की तो आकडा त्याच्याबरोबर जात नाही.

म्हणून साधा निष्कर्ष: पहिली रात्र महामार्गावर किंवा गावात नको. ती त्याच शहरात, रुग्णालयात किंवा रुग्णालयाच्या अर्ध्या तासाच्या परिघात काढावी. सरकारी रुग्णालयात पलंगांची ओढाताण असते आणि ‘आज रात्र ठेवा’ म्हणायला माणसं बिचकतात. अशा वेळी महाड-पोलादपूरच्या माणसाकडे एक सोय असते जी विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाकडे सहसा नसते. गिरणगावात कोकणातल्या गावांनी मिळून ठेवलेल्या खोल्या, लालबाग-परळच्या चाळीत राहिलेले भाऊबंद, डोंबिवली-विरारकडे सरकलेले काका-मामा. परळच्या केईएममध्ये बायोप्सी झाली तर लालबागची खोली अर्ध्या तासाच्या आत येते, डोंबिवली येत नाही. चाळीत राहायचं तर दोनच गोष्टी बघाव्या लागतात: एकदा वर चढलं की रात्री पुन्हा खाली उतरायला लागू नये, आणि गॅलरीच्या टोकाच्या संडासला जाताना कोणी तरी बरोबर असावं. चक्कर येऊन माणूस पडतो तो बहुधा तिथेच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा प्रामुख्याने कर्करोगाच्या रुग्णांनी भरलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबून निघू नये.

‘सिस्टर, गाडी उभी आहे, आता बसवू का यांना?’ हा प्रश्न दुपारी प्रत्येक वॉर्डात ऐकू येतो. गाडीचं भाडं आधीच ठरलेलं असतं, ड्रायव्हरला परत जायचं असतं. त्या भाड्याच्या दबावाखाली रुग्ण उठवला जातो. माझ्या मते गाडी दुसऱ्या दिवशीची ठरवावी, इतका साधा बदल पुष्कळ काही करून जातो. पैशांचा प्रश्न उरतोच. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात रायगड होता. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. नुसत्या तपासणीपुरती भरती त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावं, नंतर नव्हे.

पावसाळ्याचं काय? इथे लिव्हरच्या पाठ्यपुस्तकांना काहीच म्हणायचं नाही, पण महाडकराला आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला गांधारी आणि सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडालं, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. वरंध घाट पावसाळ्यात कधी बंद, कधी फक्त हलक्या गाड्यांसाठी. जी बायोप्सी महिनाभर थांबू शकते, आणि पुष्कळ थांबू शकतात, ती जुलैत भर पावसात करून लगेच गावी परतू नये. थांबू शकत नसेल तर मुंबईतला मुक्काम आठवड्याचा करावा. कारण रक्तस्रावाचा एक प्रकार उशिरा उघड होतो. सुईने लिव्हरमधली रक्तवाहिनी आणि पित्तनलिका यांच्यात वाट पडली तर रक्त पित्तात उतरतं. पोटात कळा, कावीळ आणि काळं डांबरासारखं संडास, अशी ती त्रयी. सहसा बायोप्सीनंतर काही दिवसांनी येते. तोवर माणूस गावात रुळलेला असतो, बायोप्सी विसरलेला असतो, आणि काळ्या संडासचं खापर लोहाच्या गोळीवर फुटतं.

पुरानंतरच्या काविळीची गोष्ट इथे जोडून सांगतो. लेप्टोस्पायरोसिस ही कोकणाची ओळखीची आपत्ती, आणि चिखलात काम करून आलेल्याला ताप आणि कावीळ झाली तर पहिला संशय तिचाच येतो. या आजारात लिव्हरच्या तुकड्याची सहसा गरज पडत नाही, रक्ताच्या तपासण्यांवर आणि लक्षणांवर निदान होतं, आणि उपचार त्या निकालाची वाट बघत थांबत नाहीत. एरवीही बायोप्सींची संख्या घटत चालली आहे. फ्रान्समध्ये २००३ च्या सुमारास आलेल्या फायब्रोस्कॅनने लिव्हर किती कडक झालं आहे हे बाहेरून मोजता येऊ लागलं. हिपॅटायटिस सी साठी २०१५ पासून भारतात मिळू लागलेल्या जेनेरिक गोळ्यांनी, उपचाराआधी तुकडा हवाच हा आग्रह जवळपास संपवला. हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासणी-उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. मग बायोप्सी उरते कोणासाठी? एन्झाइम्स महिनोन् महिने वाढलेली आहेत पण कारण सापडत नाही, ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा संशय आहे, लिव्हरमध्ये गाठ आहे, नवीन लिव्हर बसवल्यावर शरीर ते नाकारतंय का बघायचं आहे, अशांसाठी.

आणि गुळवेलीसाठी. करोनाच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. गुळवेल घेत असताना त्यांच्या लिव्हरला इजा झाली होती आणि तपासण्यांमधलं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आक्षेपात तथ्य आहे. पण ते तथ्य काढा पिणाऱ्याला मदत करत नाही, कारण त्याच्या अंगणातली वेल कोणती हेही तपासलेलं नसतं. बायोप्सी करून घरी आलेल्या माणसासाठी आत्या, मावशी, शेजारीण सगळ्या जणी काही ना काही घेऊन येतात. काविळीचं गावठी औषध नाकातून, काढा तोंडातून. रिपोर्ट हाती येऊन डॉक्टरांनी बोलेपर्यंत ते सगळं बाजूला ठेवावं. प्रेमाने आणलेलं नाकारणं अवघड असतं, म्हणून ‘डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय’ एवढं म्हणता यावं यासाठी डॉक्टरांनी ते खरंच लिहून द्यावं.

खाण्याचं म्हणाल तर बायोप्सीने वेगळं पथ्य लागत नाही. काही तासांनी पेज, मग नेहमीचं जेवण. हळद बंद, तेल बंद, मीठ बंद असं परस्पर करू नये. पोटात पाणी झालेल्याला मीठ कमी करायला सांगितलं असेल तर ते त्या आजारासाठी, सुईसाठी नव्हे. दारू मात्र दोन्हींसाठी बंद.

थोडं मागे जाऊन महाराष्ट्रातल्या एका मोठ्या कामाबद्दल लिहायला हवं, कारण या तुकड्याने काय मिळतं हे तिथे दिसतं. विसाव्या शतकात आपल्याकडे सहा महिने ते पाच वर्षांची मुलं लिव्हर कडक होऊन दगावत. आजाराचं नावच ‘भारतीय बालसिरोसिस’ पडलं होतं. एका घरातली दोन-दोन मुलं जात आणि लोक त्याला घराण्याचा दोष म्हणत. १९७८ मध्ये लंडनच्या तज्ज्ञांनी या मुलांच्या लिव्हरच्या तुकड्यांवर ऑर्सिन नावाचा रंग वापरला तेव्हा पेशींमध्ये तपकिरी कण दिसले. ते तांब्याचे साठे होते. नॉर्मल लिव्हरमध्ये वाळलेल्या ऊतीच्या ग्रॅममागे तांबं ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं, या मुलांमध्ये ते त्याच्या कित्येक पट. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर घरोघरच्या सवयी बघितल्या. १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या लेखात त्यांनी बोट ठेवलं ते पितळेच्या-तांब्याच्या भांड्यात तापवून, तान्ह्या वयात सुरू केलेल्या गायी-म्हशीच्या दुधावर. दूध भांड्यातलं तांबं उचलतं, कल्हई नसेल तर जास्तच. कल्हईवाल्याच्या धंद्याला शास्त्राने दिलेलं हे बहुधा सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. वेळीच आलेल्या मुलांना पेनिसिलामाइन देऊन वाचवता येऊ लागलं, भांडी बदलली, स्टील आलं, आणि १९९० च्या दशकात हा आजार विरळ झाला. तांबं एकटंच दोषी होतं की मुलांमध्ये जन्मजात काही कमी होतं, हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण आईबापांनी वॉर्डाबाहेर बसून काढलेल्या त्या रात्रींनी पुढच्या पिढीची बायोप्सी टाळली, हे नक्की. पाण्याच्या तांब्याची पुन्हा फॅशन आली आहे म्हणून हे सांगतो. पाणी आणि मोठी माणसं ही एक गोष्ट, कल्हई नसलेल्या पितळेत तान्ह्याचं दूध ही पूर्ण वेगळी.

परत रुग्णाकडे. काहींना बरगड्यांतून सुई घालता येत नाही: पोटात पाणी आहे, रक्त गोठत नाही, प्लेटलेट्स फार खाली आहेत. अशांचा तुकडा मानेतल्या शिरेतून तार घालत, लिव्हरच्या आतून काढतात. यात भोक पडतं ते शिरेच्या आत, त्यामुळे रक्त गळलं तरी बहुधा परत रक्तातच जातं. हा मार्ग सुरक्षित वाटला तरी हे रुग्ण मुळात जास्त आजारी असतात, म्हणून त्यांना सोडायची घाई आणखी कमी असायला हवी. तुकडा कमी आकाराचा येतो, हाही तोटा.

गावी पोचल्यावरच्या आठवड्याबद्दल कागदावर बहुधा ‘जड काम टाळा’ एवढंच असतं. जड म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं. पुस्तकी सूचना पाच-सात किलोंच्या वर उचलू नका असं म्हणतात. त्यामागे मोठा प्रयोग नाही, सावधगिरी आहे, आणि आठवडा फार नाही म्हणून ती पाळावी. पाण्याने भरलेला हंडा त्या मर्यादेच्या बाहेर जातो, लाकडाची मोळी तर जातेच, खताची गोणी सोडूनच द्या. लावणीच्या दिवसांत वाकून काम करणाऱ्या बाईला ‘आराम कर’ म्हणणं म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ते काम अंगावर घेणं, हे डॉक्टरांनी त्या दुसऱ्या कोणाला समोर बसवून सांगितलं तरच घडतं. एमआयडीसीत पिंपं सरकवणाऱ्याला ‘बायोप्सी झाली’ एवढ्या कागदावर रजा मिळत नाही. ‘आठवडाभर वजन उचलू नये’ अशी स्पष्ट ओळ असलेलं सर्टिफिकेट लागतं. मोटारसायकलवर मागे बसून खड्ड्यांतून महाडला जाणं आणि मिनीडोरच्या कडेच्या सीटवर अवघडून बसणं, दोन्ही पहिले दोन-तीन दिवस टाळावं. गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल तर चोवीस तास गाडी चालवायची नाही.

आणि तरीही काही झालं तर? ताप थंडी वाजून आला, चक्कर येऊन घाम फुटला, पोट फुगत चाललं, श्वास अडखळला, रक्ताची उलटी झाली, कावीळ वाढली, तर मुंबईला फोन करत बसण्याआधी जवळच्या डॉक्टरकडे जायचं. राज्यात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. महाडमध्ये नाडी-रक्तदाबावर रात्र काढायची परंपरा आहेच. विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार जगाला देणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम इथलंच, आणि ते उभं राहिलं ते रुग्णाशेजारी बसून तासातासाला केलेल्या नोंदींवर. शिरेतून सलाइन सुरू करणं, हिमोग्लोबिन बघणं, सोनोग्राफीत पोटात रक्त दिसतंय का पाहणं आणि मग पुढे पाठवणं, एवढ्याने बरंच काही वाचतं. त्यासाठी डिस्चार्जच्या कागदावर चार गोष्टी असाव्यात: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मार्गाने सुई घातली, आणि बायोप्सीआधीचं हिमोग्लोबिन किती होतं. हा शेवटचा आकडा नसेल तर आज आलेला ९ हा घसरलेला की नेहमीचा, हे महाडच्या डॉक्टरला कळायला मार्ग नाही.

रिपोर्टला साधारण आठवडा लागतो, खास रंग वापरायचे असतील तर अधिक. काढलेला तुकडा अख्ख्या लिव्हरच्या सुमारे पन्नास हजारांश एवढाच असतो. पॅथॉलॉजिस्टला त्यात किमान अकरा तरी पूर्ण ‘पोर्टल ट्रॅक्ट’ दिसले तर मत खात्रीने देता येतं, तुकडा तोकडा असेल तर रिपोर्टात ‘नमुना अपुरा’ असं येतं आणि सगळा प्रवास पुन्हा. त्यामुळे निघताना विचारायचा प्रश्न आहे: तुकडा पुरेसा लांब निघाला का? आणि रिपोर्ट घ्यायला जाताना नुसता कागद आणू नये. मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, आणि काचेच्या स्लाइड्स मागून घेता येतात. अर्ज करावा लागतो, सही लागते, कधी दोन खेपा लागतात. पण पुढे दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं झालं तर त्या ब्लॉकवरून नव्या स्लाइड्स करता येतात, आणि दुसऱ्यांदा सुई घालायची वेळ बहुतेकदा टळते.